‘चारच का?’ विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण खिशात तंबाखूची पुडी घेऊन ती सोडायच्या समुपदेशनाला आलेला सातपूरचा सीएनसी ऑपरेटर म्हटलं की तुम्ही ओळखालच. पुडी खिशातून डोकावत होती. तुम्ही ती पाहिलीत आणि त्यावर एक शब्द काढला नाहीत.

२६ वर्षांची तंबाखू. खालच्या ओठाच्या आत, बार ठेवायचो तिथेच पांढरा चट्टा उठला, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं होतं. त्याआधी एका डॉक्टरांनी मला मोबाईलवर कापलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले होते. इतका घाबरलो, की बाहेर पडल्या पडल्या टपरीच्या आडोशाला जाऊन तंबाखू मळली. घाबरल्यावर मी दुसरं करत काय होतो इतकी वर्षं?

तुमच्याकडेही तेच ऐकायचं, अशी तयारी करून बसलो होतो. आणि तुम्ही विचारलंत, "काका, तंबाखूतलं तुम्हाला आवडतं काय?" आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग बोलत सुटलो. रातपाळीत तीनच्या सुमारास डोळे मिटायला लागतात, ते उघडे राहतात. शेजारच्या मशीनवरचा दोस्त तळहात पुढे करतो, त्यावर चुना, अंगठ्याने दहा-बारा घासे, दोन थापट्या, अर्धी चिमूट त्याला, अर्धी मला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "म्हणजे पुडी सुटली तर ही सोबतही सुटेल, असं वाटतं." मी पंख्याकडे बघत बसलो. हे मी बोललो नव्हतो, पण होतं तेच.

मग तो आकड्यांचा प्रश्न. सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं, शून्य ते दहा? मी म्हणालो, चार. आता म्हणणार, दहा का नाही! त्याची उत्तरं माझ्याकडे पाठ होती: रातपाळी, टेन्शन, जुनी सवय. तुम्ही उलटीकडून आलात. "चारच का? एक का नाही?"

आणि माझ्या तोंडून मिसळ निघाली. वर्षभर तर्री तोंडात धरवत नव्हती, आग व्हायची. रविवारी सगळी गॅंग मिसळीला बसली की मी ॲसिडिटीचं कारण काढायचो. नाशिकचा माणूस मिसळीला गेला की नुसता दही-पाव खातो, ही लाज घरातही कोणाला सांगितली नव्हती. चट्ट्याची भीती मला चारपर्यंत घेऊन आली नव्हती, मिसळीने आणलं होतं. हे मला तिथे, माझ्याच आवाजात ऐकताना कळलं.

माहिती तुम्ही दिलीत, पण "सांगू का?" असं विचारून. तलफ काही मिनिटांत ओसरते, पहिला आठवडा सगळ्यात वाईट. निकोटिनचं च्युइंगम नुसतं चघळत राहायचं नाही, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. शेवटी "यातलं तुम्हाला काय जमेल?" म्हणून पुन्हा माझ्याकडेच सोपवलंत. तारीख मी ठरवली. दोस्ताला सांगायचं, हेही मीच ठरवलं. आता रात्री तीनला आम्ही फुटाणे वाटून खातो.

मध्ये दिंडोरीला लग्नात घसरलो. तोंड पाडून तुमच्यासमोर बसलो, तर तुमचा प्रश्न, "त्याआधीचे १९ दिवस कसे काढलेत?" रागावला असतात तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो. हिशेब मिटला असता.

नंतर तुम्हीच सांगितलंत, उपदेश न करता समोरच्याच्याच तोंडून त्याची कारणं काढायच्या या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. मुलीने शोधून वाचून दाखवलं. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांबरोबर काम करताना ही पद्धत १९८३ मध्ये मांडली, आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिलं. समोरच्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायची आपल्याला जी खोड असते, ती म्हणे आधी आवरायची. मी लगेच बायकोच्या शुगरवर प्रयोग केला. "गोडातलं तुला काय आवडतं?" इथपर्यंत झकास जमलं. ती श्रीखंडावर आली आणि माझ्या तोंडून "अगं, पण" निघालंच. तुम्ही दिवसभर हे कसं आवरता, देव जाणे.

सात महिने झाले. चट्टा फिकट झालाय, दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय, जातो. गेल्या रविवारी गॅंगबरोबर गेलो होतो. तर्री वेगळ्या वाटीत मागून घेतली, आधी एक चमचा घातला. झोंबली. पाणी प्यायलो आणि दुसरा घातला.

आपला,
सातपूरचा काका