टकरीचा निवाडा नियमाने व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सीमाभागातील शाळांमधून बेसबॉल आणि सॉफ्टबॉलकडे वळणारी अनेक मुले आधी कबड्डी खेळलेली असतात, आणि समोरच्याशी अंगाला अंग भिडवणे हा तिथे खेळाचाच भाग असल्यामुळे बेसकडे, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांवरील ठाण्यांकडे, धावतानाही ती सवय सुटत नाही. ती सोडवायची ती पंचांनीच. परंतु अलीकडे तालुका पातळीवरील एका सामन्यात रनर (बेसकडे धावणारा खेळाडू) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) एकमेकांवर आदळले, तेव्हा ज्याला अधिक लागले त्याच्या बाजूने कौल दिला गेला. त्या क्षणी वाटेवर हक्क कोणाचा होता, एवढेच पंचांनी पाहायला हवे होते.

फलंदाजाने मारलेला चेंडू अडवू पाहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला वाट देणे रनरवर बंधनकारक आहे. दोन बेसमधल्या सरळ रेषेत धावताना त्याचा धक्का अनवधानाने लागला, तरी तो बाद ठरतो. याउलट ज्याच्या हाती चेंडू नाही आणि जो चेंडू अडवतही नाही, असा क्षेत्ररक्षक वाटेत उभा राहिला तर ती अडवणूक होते, आणि त्याच रनरला बाद करण्याचा प्रयत्न चालू असेल तर रनरला किमान पुढचा एक बेस बहाल करावा लागतो.

होम प्लेटवरचा, म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी गाठायच्या शेवटच्या बेसवरचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. मे २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) बस्टर पोझी अशाच टकरीत पाय मोडून उरलेल्या हंगामाला मुकला, तरी रनरने सरळ वाट सोडून कॅचरवर चाल करू नये आणि कॅचरने चेंडू हाती नसताना वाट अडवू नये, हा नियम अमेरिकेच्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेमध्ये यायला २०१४ उजाडले. (रनरने जमिनीवरून घसरतच बेस गाठला पाहिजे, असे हा नियम म्हणत नाही, आपल्याकडे मात्र मुलांना सर्रास तसे सांगितले जाते.) लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये, चेंडू घेऊन थांबलेल्या क्षेत्ररक्षकासमोर रनरने घसरावे किंवा त्याला वळसा घालण्याचा प्रयत्न करावा, अन्यथा तो बाद, अशी तरतूद आहे, आणि शालेय स्पर्धांसाठी मला तीच योग्य वाटते.

तेव्हा संयोजकांना विनंती आहे, की सामन्यापूर्वी पंचांनी हे नियम दोन्ही संघांना मराठीतून व कन्नडमधून समजावून सांगावेत, आणि टक्कर टळावी म्हणून सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसवर असतो तसा दुहेरी बेस, म्हणजे क्षेत्ररक्षकासाठी पांढरा आणि रनरसाठी त्याला लागून फाऊलच्या (रेषेबाहेरच्या) बाजूस रंगीत, शालेय बेसबॉललाही लावावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर