भिंतीत मुरलेल्या पाण्याचा पंचनामा कोण करणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर पिकांवर, खरवडून गेलेल्या जमिनींवर आणि वाहून गेलेल्या जनावरांवर पुष्कळ लिहिले गेले. ते लिहायलाच हवे होते. पण सीना, मांजरा, गोदावरीच्या काठी ज्या इमारती पडल्या नाहीत, नुसत्याच पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांची दखल फारशी कुणी घेतली नाही. मी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विम्याची कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. ती चाळताना दिसते ते असे, की विमा असतो, नुकसानही झालेले असते, मात्र पुरावा नसतो.

पुराच्या वेळच्या शासनाच्या निकषांत पक्के घर पूर्ण पडले तर मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान १५ टक्के पडझड झाली तर साडेसहा हजार रुपये मिळत होते. म्हणजे मोजायचे ते पडलेले. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) भिंत पडली की लिहून घेतो. उभ्या भिंतीने तीन दिवस पाणी प्यायले, हे लिहायला त्याच्या नमुन्यात रकानाच नाही.

मग आशा उरते विम्याची. एप्रिल २०२१पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आहेत. पूर आणि पाणी तुंबणे दोन्हींत येते. बँकेचे कर्ज असले की बहुधा अशी एखादी पॉलिसी काढलेली असते. कर्जदाराने ती पाहिलेली नसते, हा भाग वेगळा. पण झीज आणि हळूहळू मुरलेली ओल यांची भरपाई त्यात नाही. सगळा वाद अडतो तो इथेच. सर्वेअर, म्हणजे विमा कंपनीने नेमलेला नुकसान तपासणारा, भिंतीकडे बघतो आणि लिहितो, ‘ओल जुनी आहे.’

त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. आपल्याकडे नवरात्रात घर चिखलात कोण ठेवील? पाणी ओसरले तसे लोकांनी गाळ उपसला, भिंती धुतल्या, दिवाळीच्या आत चुना नाहीतर पुट्टी फिरवली. आमच्या नात्यातल्या एका दुकानदाराने हेच केले. सर्वेअर आला तेव्हा त्याला दिसली रंगवलेली भिंत आणि खाली थोडे पोपडे. दावा मालापुरता मंजूर झाला, इमारतीचा नाही. वर्षभरात पुट्टी फुगून आली, कोपऱ्यांत काळी बुरशी धरली, तोवर फाइल बंद झालेली होती. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे नुकसान कळवल्यावर २४ तासांत सर्वेअर नेमायचा आणि १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा. मराठवाड्यातले आठ जिल्हे एकाच वेळी पाण्यात असताना हे कसे जमणार, ते नियम करणाऱ्यांना विचारले पाहिजे.

खरे तर नवी ओल आणि जुनी ओल ओळखणे अवघड नाही, वेळेत पाहिले तर. पुराचे पाणी खोलीच्या चारही भिंतींवर एकाच पातळीवर रेघ सोडते. कपाटामागे, दाराच्या चौकटीवर तीच रेघ सापडते आणि स्विचबोर्ड उघडला तर आत गाळ निघतो. जमिनीतून वर चढणारी ओल अशी सरळ नसते. ती वेडीवाकडी चढते, तीन-चार फुटांच्या वर क्वचितच जाते आणि तिच्या वरच्या कडेला खार फुटलेला असतो. छताची गळती वरून खाली येते, ती तर पोरालाही कळते. ओलावामापक यंत्र फूट-फूट अंतरावर टेकवून आकडे लिहिले, की पाणी कुठून आले ते कागदावर उमटते. हेच मोजमाप महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घेतले तर भिंत वाळते आहे की नाही तेही कळते. नऊ इंची विटेची भिंत वाळायला महिने लागतात. बुरशी मात्र दोन दिवसांत धरू लागते. शौचालयाची टाकी उफाळून ते पाणी घरात शिरले असेल, तर गिलाव्याच्या ताज्या नमुन्यातले जंतू प्रयोगशाळा सांगू शकते. तसे असेल तर नुसते धुऊन भागत नाही, गिलावा खरवडून काढावा लागतो. अंदाजपत्रक तिथेच दुप्पट होते.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे काळी रेगडी माती. ती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते, त्यामुळे तिच्यावरच्या घरांना तडे असतातच. पॉलिसीत जमीन खचण्याचे संरक्षण आहे, नेहमीच्या तड्यांचे नाही. तेव्हा पुराआधीचा तडा कोणता आणि नंतरचा कोणता, हे सिद्ध करण्याची पाळी मालकावर येते. जुन्या तड्यात धूळ, जाळी, रंग भरलेला असतो. नव्याच्या कडा धारदार आणि स्वच्छ असतात. पहिल्या आठवड्यात मोजपट्टी धरून काढलेला फोटो इथे फार उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट कृषी सेवा केंद्रांची. तिथे पाणी शिरले की खत आणि कीटकनाशक त्यात मिसळते, आणि ते पाणी भिंत, फरशी, पोटमाळ्याची लाकडे सगळे पिऊन घेतात. अशा दुकानात परत बसण्याआधी तपासणी नको का? त्याच गल्लीत फुटलेले सिमेंटचे जुने पत्रे हातोडीने फोडून ट्रॉलीत भरले जातात. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते, याचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

सर्वेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्येच म्हटले आहे. पण तो खोडायला हातात दुसरा कागद लागतो. ‘गृह रक्षा’मध्ये वास्तुविशारद, अभियंता यांची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. ओल, बुरशी, दूषित पाणी यांच्या तपासणीचे नाव तिथे स्वच्छ लिहिलेले नाही. ते लिहिले जावे, ही विमा नियामकाकडे माझी मागणी.

जिल्हाधिकाऱ्यांकडून अपेक्षा अशी, की पंचनाम्यात पाण्याची उंची आणि पाणी किती काळ थांबले हे दोन रकाने वाढवावेत. मंडळनिहाय पावसाची नोंद आपल्याकडे आहेच, तिचा उतारा मागणाऱ्याला विनाशुल्क द्यावा. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली तंत्रनिकेतने यांच्याकडून ठरलेल्या दरात तपासणी आणि सही-शिक्क्याचा अहवाल मिळण्याची सोय व्हावी. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना त्यातून प्रात्यक्षिकही मिळेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा विहिरी-बोअरचे पाणी तपासतातच. पुरानंतरचे काही आठवडे त्यांनी घरांत शिरलेल्या पाण्याचे नमुनेही घ्यावेत.

पीकविम्यासाठी ७२ तासांत कळवायचे, हा २०२५च्या खरिपाआधीचा नियम मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ झाला होता, कारण कृषी खात्याने तो गावोगाव सांगितला. इमारतींसाठी तसे सांगणारे खाते नाही. म्हणून दावा फेटाळला गेला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, एवढे तरी आपण छापावे. आणि पुढच्या पावसाळ्याआधी एक चौकट द्यावी: पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी रेघेचे फोटो काढा, ओल्या गिलाव्याचा एक तुकडा तारीख लिहून पिशवीत ठेवा, आणि सर्वेअर येऊन जाईपर्यंत एक भिंत तरी तशीच राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
परंडा, जि. धाराशिव