डिझेल गाडी कधी चालू होते, कधी होत नाही: पार्ट बदलण्याआधी मोजून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की सातारा, वाई, पाचगणीकडे गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. डिझेल गाडी चार दिवस झटक्यात चालू होते आणि पाचव्या दिवशी कितीही सेल मारला (चावी फिरवून इंजिन फिरवले) तरी धरत नाही. गॅरेजला नेली की तिथे मात्र पहिल्या सेलला चालू! मग अंदाजपंचे दुरुस्ती सुरू होते. आधी नवी बॅटरी, मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर), मग हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) आणि शेवटी चारही नॉझल (सिलिंडरात डिझेल फवारणारी). बिल पाच आकडी होते आणि दोष जागच्या जागी राहतो. असा दोष मोजून सापडतो, पण तो हजर असतानाच मोजावे लागते. हे गाडीमालकांना आणि नव्या कारागिरांनाही कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिले काम गाडीमालकाचे. गाडी अडली की लगेच धक्का मारायला माणसे बोलावू नयेत. मोबाइलवर डॅशबोर्डचे चित्रण करत एकदा सेल मारावा आणि चार गोष्टी टिपाव्यात: इंजिन थंड होते की गरम, सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरला की ओढत, आरपीएमचा काटा हलला का, आणि सायलेन्सरमधून धूर आला का. काही मॉडेलमध्ये सेल मारताना काटा मुळातच हलत नाही. म्हणून गाडी नीट चालू होते तेव्हा तो काय करतो, हे आधी पाहून ठेवलेले बरे. सेल एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर सेल्फची मोटर तापून जळते.

सेल्फ ओढत फिरत असेल तर डिझेलकडे बघायचे कारणच नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन पुरेशा वेगाने, साधारण मिनिटाला २०० फेऱ्यांनी, फिरले नाही तर हवा पुरेशी तापत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळतात. सेल मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नयेत. गेले तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. ९.६ च्या वर राहूनही सेल्फ सुस्तच असेल, तर करंट वाटेत अडतो आहे.

इथे बहुतेकांची फसगत होते ती अर्थिंगमध्ये. बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडाच्या) आत कार्बन धरलेला असतो किंवा अर्ध्या तारा तुटलेल्या असतात. मल्टिमीटर ओहमवर लावला तर शून्यच दाखवतो, कारण शिल्लक राहिलेली एखादी तारही मीटरच्या सूक्ष्म करंटला पुरते. सेल्फ मात्र दोनशे अँपिअरच्या घरात मागतो. वाटेत फक्त ०.०१ ओहम रोध असला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच जातात. म्हणून मोजायचे ते सेल मारत असताना, आणि व्होल्टवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याने सेल मारला की आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. तसेच प्लसचा खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये ०.५ व्होल्टच्या वर आकडा नको. दोष सापडला तर थिंबल घासून, बोल्टाखालचा रंग काढून, घट्ट आवळून पुन्हा मोजावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि यातच कित्येक सेल्फ विनाकारण बदलणे वाचते.

नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर सेल्फवरच्या बारीक वायरीवर चावी फिरवताना व्होल्ट बघावेत. दहाच्या वर येत असूनही सेल्फ फिरत नाही म्हणजे सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) तांब्याचे संपर्क झिजले असण्याची शक्यता मोठी. तिथे व्होल्टच येत नसतील तर चावीचा स्विच, रिले आणि क्लच दाबल्याशिवाय सेल न घेणाऱ्या गाड्यांत क्लच पेडलचा स्विच तपासावा. मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांची गावाकडे उभी असलेली गाडी दर वेळी बॅटरी उतरलेलीच सापडत असेल, तर गाडी कुलूप लावून तासभर ठेवावी आणि मग मायनस वायरीत मीटर जोडून करंट मोजावा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. नंतर बसवलेला जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम अर्धा अँपिअर खात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. अशी गाडी चौथ्या-पाचव्या दिवशी अडणारच. मीटर जोडलेला असताना सेल मात्र कधीही मारू नये.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी धरत नाही, ही दुसरी तऱ्हा. इथे धूर उपयोगी पडतो. उग्र वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरात पोचते आहे, पेटत नाही: हीटर प्लग बघा, कॉम्प्रेशन बघा. धूर अजिबातच नसेल तर डिझेल आत जातच नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस ६ गाड्यांत धूर फारसा दिसत नाही, तिथे स्कॅनरवरच (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड दाखवणाऱ्या यंत्रावरच) भिस्त ठेवावी.

थंड गाडी सकाळी पहिल्यांदा खूप सेल खाते, मग दिवसभर बिनतक्रार चालते, असे असेल तर आधी डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, म्हणजे एअर, शोधावी. डिझेलची टाकी मागे, पंप पुढे. आपल्याकडे चढावर तोंड वर करून गाडी लावली की रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरते. सपाटीवर लावल्यावर त्रास कमी होत असेल तर संशय पक्का. कारागिराने फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्याच मापाचा, डिझेलला टिकणारा पारदर्शक नळीचा तुकडा तपासणीपुरता जोडावा आणि सकाळच्या पहिल्या सेलला त्यातले बुडबुडे पाहावेत. फिल्टरची ओ-रिंग, कडक झालेला रबरी पाइप, प्रायमरच्या (हाताने दाबून डिझेल चढवायच्या) फुग्यातला व्हॉल्व्ह, रिटर्न लाइनचे टी, हीच एअर घेण्याची ठिकाणे. ज्या गाडीत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तिथे हवा आत जाते पण डिझेल बाहेर गळत नाही. त्यामुळे ‘सगळे कोरडे आहे’ हा काही पुरावा नव्हे.

याउलट थंड गाडी झटक्यात चालू होते, पण खंबाटकी घाट चढून हॉटेलवर चहाला थांबली की परत चालू होत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप होते. इथे संशयित दोन. एक क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा), जो गरम झाला की सिग्नल देणे सोडतो. दुसरे, नॉझल किंवा पंपातून परत जाणारे डिझेल. गरम डिझेल पातळ होते, जास्त निसटते आणि रेलमध्ये (सगळ्या नॉझलना दाबाखालचे डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब जमत नाही. दोन्हींतला फरक स्कॅनरवर लगेच कळतो. सेल मारताना इंजिनचे आरपीएम शून्य दिसले तर सेन्सर, त्याचा कपलर (वायरींचा जोड) आणि वायर बघावी. आरपीएम नीट आहेत पण रेल प्रेशर साधारण २०० बारच्या खालीच घुटमळते (नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो), तर सगळ्या नॉझलच्या रिटर्नला सारख्या मापाच्या बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत टाकते ते पाहावे. एकाच बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आले तर तेवढेच नॉझल काढावे, चारही नव्हेत. सगळ्यांचे रिटर्न सारखे आणि कमी असेल, फिल्टर स्वच्छ असेल, एअरही नसेल, तरच पंप आणि त्यावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे.

इथे एक कळकळीची विनंती. जुन्या पंपाच्या गाड्यांत नॉझलचा पाइप ढिला करून एअर काढायची सवय होती. कॉमन रेल (वर सांगितलेली रेल असलेल्या) गाडीवर सेल मारताना किंवा इंजिन चालू असताना हे कधीही करू नये. या पाइपांत हजार बारच्या वर दाब जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तसेच हीटर प्लगच्या गाडीत इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो.

हीटर प्लगची पट्टी काढून प्रत्येकाचा रोध इंजिनच्या धातूशी मोजावा. चांगल्या प्लगचा साधारण एक ओहमच्या आसपास येतो, जळलेल्या प्लगला मीटर अनंत रोध (OL) दाखवतो. नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात, त्यांना थेट १२ व्होल्ट देऊन ‘लाल होतो का’ बघितले तर चांगला प्लगही जातो. प्लग इंजिन कोमट असताना, मुळाशी गंज सैल करणारे तेल टाकून, हळूहळू काढावा. आत मोडला तर बऱ्याचदा हेड उतरवावे लागते.

सांगली-मिरजेकडच्या वाचकांसाठी वेगळे सांगायला हवे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत कपलरच्या आतल्या पिनांवर हिरवा गंज चढत राहतो आणि दोष कधी येतो, कधी जातो. जुनी गाडी घेताना सीटखालचे आणि ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कपलर उघडून बघावेत. स्कॅनरवर आकडे चालू ठेवून वायरिंग हाताने हलवले की कुठला आकडा उडी मारतो ते दिसते. उसाच्या रानाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर शोधावी. पावसाळ्यात फिल्टरखालचा नळ सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर ते तळाला बसते.

डॅशबोर्डवरचा चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून बघा. आणि बॅटरी काढण्यापूर्वी स्कॅनरवरचे कोड लिहून घ्या, ती सोडल्यावर कित्येकदा पुसले जातात.

सातारा आणि सांगली दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहेत. तिथल्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांकडून सेल मारतानाची व्होल्ट तपासणी आणि नॉझलची बाटली तपासणी प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावी, अशी प्राचार्यांना विनंती. गॅरेजवाल्यांनी बिलावर पार्टच्या नावाशेजारी बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहावा आणि ग्राहकानेही काढलेला पार्ट मागून घ्यावा.

आपले,
डिझेल दुरुस्तीच्या कामातील काही कारागीर, सातारा