बादली काठोकाठ भरायची नाही, बाबा

पुणे, 2 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवला आणि मग कशातच लक्ष लागेना. दिवाळीला मी गच्चीवर लावून दिलेल्या, मातीविना नुसत्या खताच्या पाण्यावर वाढणाऱ्या पालकाबद्दल तुम्ही किती आनंदाने सांगत होतात, बाबा, "पालकाच्या बादलीतलं पाणी सहा-सात बोटं खाली गेलं होतं गं, आज काठोकाठ भरून टाकली." आणि मी एकदम ओरडलेच. आधी त्याची माफी मागते. तुम्ही लगेच "बरं, काढतो" म्हणालात आणि काढलंतही. आई, रात्री तुझा मेसेज आला तेव्हा जीव भांड्यात पडला. पण पाणी का काढायचं, ते मला धड सांगता आलं नाही. तिकडे भाजीच्या ठेल्याचा भोंगा वाजत होता, इकडे मला ऑफिसला निघायचं होतं. बाबांना कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

बाबा, गेली चाळीस वर्षं तुम्ही कुंड्यांना पाणी घालत आलात. माती सुकली की पाणी, हा तुमच्या हाताचा धर्म. इथे मात्र बादलीतलं पाणी कमी होणं हीच झाडाची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. आपण पहिल्या दिवशी बादली जवळजवळ भरली होती, आठवतं? झाकणाच्या भोकात बसवलेल्या, रोप धरून ठेवणाऱ्या जाळीच्या कपाचं बूड जेमतेम बोटभर पाण्यात होतं. रोप पाणी पीत गेलं, पातळी उतरत गेली आणि झाकण व पाणी यांच्यात मोकळी जागा तयार झाली. त्या जागेत जी मुळं लोंबतात त्यांचं काम वेगळं असतं. ती दमट हवेतून प्राणवायू घेतात. खालची लांब मुळं पाण्यात राहून खत आणि पाणी ओढतात. पाण्यात हवा सोडणारा पंप नाही, वीज नाही, काही नाही. सगळा श्वास त्या वरच्या मुळांवर चालतो. आपण बादली पुन्हा काठोकाठ भरली की ती मुळं बुडतात आणि रोप गुदमरतं. पाण्यात उभं असूनही पानं माना टाकतात. मग आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी ओततो.

गेल्या हिवाळ्यात मी इथे गॅलरीत हेच केलं. लेट्यूसची चार रोपं फार सुरेख आली होती. चार दिवस बाहेरगावी जायचं होतं म्हणून जाताना बादली भरून गेले. परत आले तर पानं वाळत घातलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. झाकण उचललं तर सडका वास आला आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. तुमच्या पालकाची वेळेवर सुटका झाली. एका दिवसात काही बिघडत नाही, काळजी करू नका.

आता एक करून बघा. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पालकाच्या बादलीचं झाकण एका बाजूने चार बोटं उचला आणि आईला टॉर्च धरायला सांगा. कपाच्या जाळीतून बाहेर आलेल्या मुळांवर तुम्हाला बारीक पांढरी लव दिसेल, कापूस पिंजल्यासारखी. तीच हवेची मुळं. आणि पाण्यात शिरलेली मुळं सरळ, गुळगुळीत, उकडलेल्या शेवयांसारखी. एकाच रोपाला दोन तऱ्हांची मुळं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ झाकण तसंच धरून उभी होते. तुम्ही मात्र जास्त वेळ धरू नका, आत उजेड जातो.

ही पद्धत अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की नावाच्या शास्त्रज्ञांनी मांडली. तिला त्यांच्याच नावाने क्रॅट्की पद्धत म्हणतात. लेट्यूस पंपाशिवाय कसं वाढवायचं यावर त्यांचा 2009 सालचा निबंध आहे. खत घातलेलं पाणी सुरुवातीला एकदाच भरायचं आणि पालेभाजी त्यावरच काढणीपर्यंत न्यायची, असा त्यांचा हिशेब. लेट्यूसच्या एका गड्ड्याला उगवणीपासून कापणीपर्यंत साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं. आपल्या वीस लिटरच्या डिस्टेंपरच्या बादलीत मी पालकाची चारच रोपं लावली ती याच हिशेबाने. बाबा, तुम्ही "एवढ्या मोठ्या बादलीत चारच?" म्हणाला होतात, त्याचं हे उत्तर.

पालक आपण एकदम न उपटता बाहेरची पानं खुडत राहणार आहोत, तेव्हा कधीतरी पाणी घालावं लागेल. झाकणाला जे बुचाचं भोक ठेवलंय त्यातून लाकडी फूटपट्टी तळापर्यंत सोडा. ओली खूण चार बोटांच्या खाली गेली तरच पाणी घाला, आणि तेही फक्त आणखी चार बोटं वर येईल इतकंच. आणि बाबा, तुम्ही पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवलेत. आता या बादल्यांची एक वही करा. तारीख, पातळी, काय घातलं, एवढंच. मला ती वही खरंच हवी आहे, कारण मालव्याच्या थंडीत पालक रोज किती पाणी पितो हे मला इथे बसून कळणार नाही.

खताबद्दल. पाणी घालाल तेव्हा नुसतं पाणी नको, मी ठेवलेल्या डब्यांतलं अर्ध्या ताकदीचं मिश्रण घाला. अ, ब, क अशा तीन डब्या आहेत. दहा लिटर पाण्यात आधी अ (तीन ग्रॅम) पूर्ण विरघळवा, मग क (दीड ग्रॅम), आणि सगळ्यात शेवटी ब. ब म्हणजे कॅल्शियम नायट्रेट, तेही तीन ग्रॅम. क म्हणजे एप्सम मीठ, मॅग्नेशियम सल्फेट. ब आणि क थोड्याशा पाण्यात एकत्र घट्ट कालवले तर जिप्सम तयार होऊन पांढरा गाळ खाली बसतो, आणि मग ना कॅल्शियम झाडाच्या कामाचं राहतं ना गंधक. मोठ्या पाण्यात एकामागून एक घातलं की काही होत नाही. ब हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याचं पाणी होतं, म्हणून डबीचं झाकण घट्ट लावा. आई, क डोळ्यांना साखरेसारखं दिसतं. तिन्ही डब्या स्वयंपाकघरात आणू नकोस, बाबांच्या हत्यारांच्या पेटीतच राहू देत.

पहिल्या वर्षी मी एका दुकानातून 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, आणलं होतं. दुकानदाराने "सगळ्याला चालतं" म्हणून दिलं. मातीत चालतंही. पण त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, आणि युरिया झाडाच्या कामी यायला मातीतले जिवाणू लागतात. बादलीत माती नाही, तर जिवाणू कुठून येणार? शिवाय त्यात कॅल्शियम नाही. माझी पानं पिवळी पडली आणि नव्या पानांची टोकं करपली. या अ डबीतल्या मिश्रणात त्याच तिन्हींचं प्रमाण 4-18-38 आहे. ते मुद्दाम मातीविना लागवडीसाठीच बनवलेलं असतं, आणि त्यात लोह, जस्त, बोरॉन असली सूक्ष्म द्रव्यंही आहेत. संपलं की मी इथून पाठवीन. तुम्ही मंडीत जाऊन दुसरं काही आणू नका, बाबा, एवढी विनंती.

पाणी नर्मदेचंच वापरा. बोअरिंगचं नको. आपलं बोअरिंगचं पाणी किती जड आहे, हे आईच्या कुकरच्या तळाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरूनच कळतं. तसल्या पाण्यातले क्षार बादलीत साचत जातात आणि झाडाला लोह घेता येत नाही. 1978 मध्ये नर्मदा इंदूरला आली तेव्हाची तुमची गोष्ट मी किती वेळा ऐकली आहे, जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढवून आणलेलं पाणी आणि सगळा मोहल्ला नळाभोवती. तेच पाणी आता तुमच्या पालकाला. दिवसाआड नळ येतो त्या दिवशी एक बादली भरून रात्रभर उघडी राहू द्या, क्लोरीन उडून जातो. मात्र सकाळी ती वापरून मोकळी करा, तशीच ठेवू नका. खत विरघळल्यावर, पाणी आम्ल आहे की अल्कली ते दाखवणारे चाचणीचे थेंब टाकून रंग बघा. पिवळा आला तर ठीक, निळ्याकडे झुकला तर घालू नका, मला फोन करा.

डास. हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगते आहे. साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. झाकण नीट बसलेलं हवं, फूटपट्टीच्या भोकाला बूच हवं, कपाच्या कडेला फट दिसली तर स्पंजचा तुकडा कोंबा. बादल्यांना बाहेरून आधी काळा आणि वरून पांढरा रंग दिला, त्याचंही कारण आहे. आत उजेड गेला की हिरवं शेवाळ धरतं. रात्री रिकाम्या बादलीत टॉर्च लावून बाहेरून उजेड दिसतो का हे आपण पाहिलं होतं ना, ते यासाठीच. आणि पांढरा थर उन्हासाठी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं सडायला लागतात. आत्ता थंडीत प्रश्न नाही. आपल्याकडच्या मालव्याच्या रात्री किती गार असतात, दिवसभर तापलेलं पाणी पहाटेपर्यंत निवतं. पण होळीनंतर पालकाच्या बादल्या रिकाम्या करायच्या. वैशाखात त्या गच्चीवर पालेभाजी जगणार नाही, हट्ट करायचा नाही. पावसाळ्यात तर नाहीच. कपाच्या भोकातून पावसाचं पाणी आत शिरलं की खत पातळ होतं आणि पातळी वर चढते, म्हणजे परवाचंच संकट पुन्हा. अवकाळी आला तर? बादलीच्या अंगाला मध्यावर जे बारीक भोक पाडलंय त्यातून जास्तीचं पाणी वाहून जाईल. आत्ता त्यावर चिकटपट्टी आहे, पातळी त्याच्या खाली गेली की काढून टाका. त्या भोकालाही जाळीचा तुकडा लावायला विसरू नका.

आई, तू मेथी आणि गिलकी विचारलीस. मेथी कुंडीतच बरी, ती दाट पेरायची भाजी. गिलकीचा वेल फार पाणी पितो, बादली दर दोन दिवसांनी भरत बसावं लागेल. मुळा-गाजर तर नाहीच. पुदिना मात्र लाव. जुडीतली एक काडी पाण्यात ठेवून मुळं फुटली की सरळ कपात. टोमॅटोचं एक झाड तिसऱ्या बादलीत आहे ते केवळ बाबांच्या आग्रहामुळे. फळं लागली की त्या बादलीवर रोज लक्ष ठेवावं लागेल.

आता खरं सांगते, मी हे सगळं का करून आले. आषाढात बाबा झारी घेऊन जिन्यावरून पडले, वरून तिसऱ्या पायरीवर. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं आणि बाबांनी एका आठवड्यात चाळीस कुंड्या शेजारीपाजारी देऊन टाकल्या. मी दिवाळीला आले तेव्हा गच्चीवर कुंड्यांचे गोल डाग तेवढे राहिले होते, चाळीस. बाबा, त्यानंतर तुम्ही वर जायचंच सोडलंत, असं आईने मला भाऊबीजेच्या रात्री सांगितलं. मला ते सहन झालं नाही. माझ्या आठवणीतले तुम्ही सकाळी सहाला गच्चीवर असता, नखांत माती आणि खिशात सुतळी. या बादल्यांना रोज झारी लागत नाही, वाकून खुरपावं लागत नाही. मी त्या जुन्या पलंगाच्या चौकटीवर ठेवल्या त्या तुमच्या कमरेच्या उंचीला. वर चढाल ते दोन्ही हात मोकळे ठेवून, एक हात कठड्याला. पाणी न्यायचं असेल तेव्हा भाडेकरूंच्या मुलाला हाक मारा. त्याच्याशी मी बोलून ठेवलंय, तो आनंदाने नेतो म्हणाला. आणि बादली भरलेली असताना कुणीच ती हलवायची नाही, वीस किलो वजन आहे.

पहिली खुडणी या आठवड्यात करा. प्रत्येक रोपाची बाहेरची दोन-तीन पानं घ्या, मधला कोंब तसाच राहू द्या. आई, चण्याची डाळ आणि दाणे घालून पातळ भाजी कर, वरून लसणाची फोडणी. पहिली वाटी बाबांना. कशी लागली ते फोनवर दोघांनीही वेगवेगळं सांगा.

संक्रांतीला चार दिवसांची रजा काढली आहे. तोवर चौथी बादली रिकामीच राहू द्या, मी येताना लेट्यूसची रोपं घेऊन येते. वहीत रविवारची पातळी लिहून ठेवा, बाबा. संध्याकाळी सातला फोन करते, तेव्हा वाचून दाखवा.

तुमची,
मनू