ब्राह्मीच्या रोपांबद्दल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या गडबडीत हाती पडले. मध्यरात्र उलटली तरी डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून माझ्या सांदवाडीतील, म्हणजे परसातील, ब्राह्मीची रोपे तू मागवली आहेस. रोपे पाठवतोच, परंतु त्याआधी माझी फजिती ऐक.

तीन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून ‘ब्राह्मी’ म्हणून आणलेली वेल मी रांजणाखालच्या ओलीत लावली आणि वर्षभर तिची पाने मोठ्या श्रद्धेने चावून खाल्ली. गावातील वैद्यबुवांनी एकदा पान उलटून पाहिले आणि ते हसू लागले. गोलसर, देठाशी खाच असलेले, कडेला बारीक दाते असलेले ते पान मंडूकपर्णीचे होते. जलब्राह्मीचे पान मात्र घोळीच्या भाजीसारखे लहान व मांसल असते आणि फूल पांढरे, किंचित जांभळट. आपल्याकडे दोन्हींना सर्रास ब्राह्मीच म्हणतात. तरी मी फसलो असे म्हणवत नाही, कारण चरकसंहितेतील चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत, म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांच्या जोडीला, मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे.

आता तुझ्या झोपेविषयी. जलब्राह्मी ही झोपेची गोळी नव्हे. तिच्यातील बॅकोसाइड या द्रव्यांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बरेच काम झाले आहे. माणसांवरील अनेक चाचण्यांत रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे देण्यात आला. त्यांत स्मरणशक्तीला थोडा लाभ दिसला, मनाची अस्वस्थता काहींमध्ये कमी झाली, झोपेबाबतचा पुरावा मात्र तोकडाच आहे. त्यामुळे आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून मला बोल लावू नकोस. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, पोट बिघडते. मला दोन्ही झाले. वहिनींची थायरॉइडची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नकोस, आणि तुझी रक्तदाबाची गोळी तर या पाल्याच्या भरवशावर मुळीच बंद करू नकोस.

आमची आई पोटात घेण्यापेक्षा तेलावर अधिक विश्वास ठेवीत असे. एक वाटी तिळतेलाला चार वाट्या रस आणि पाव वाटी वाटलेला पाला घालून ती मंद आचेवर आटवी. तेलाला फेस आला, उरलेला चोथा बोटांत वळून वातीसारखा झाला आणि ती वात दिव्यावर धरल्यावर तडतडली नाही, की तेल उतरवी. रात्री टाळूला ते चोळताना निवांतपणा तेलाचा की तिच्या हाताचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नाल्याकाठची ब्राह्मी कधीही खुडू नकोस; ही वनस्पती सांडपाण्यातील जड धातू शोषून घेते. उद्याच्या एसटीने ओल्या गोणपाटात गुंडाळून जलब्राह्मीच्या काड्या पाठवतो. त्यांच्या पेरापेराला मुळे फुटतात, तेव्हा आल्याबरोबर चिखलात आडव्या दाब आणि भादव्याच्या उन्हात चार दिवस सावली कर.

तुझा,
बालमित्र