फार्गो भंगारात देऊ नका

लंडन (ऑन्टारियो), कॅनडा

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

आई फोनवर म्हणाली, आजोबांच्या फार्गो ट्रकचा भंगारवाल्यानं भाव केलाय आणि तुम्ही दिवाळीच्या आत देऊन टाकणार आहात. काका, माझं एवढं ऐका, थोडं थांबा. फोनवर तुम्ही "बरं, बरं, बघू" म्हणून ठेवून देता, म्हणून सविस्तर लिहायलोय.

तुमची अडचण मला कळते. ट्रक शेडची अर्धी जागा अडवून बसलाय, त्याच्यापायी नव्या ट्रॉल्या उन्हात रंगवाव्या लागतात, आणि वेडी बाभूळ पार बॉनेटमधून वर आलीय. त्यात जालन्यात लोखंड विकायला लांब जावंच लागत नाही. एमआयडीसीतल्या भट्टीत गेला की त्याची सळई होणार आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसणार. वजनावर चार पैसे येतील हेही खरं. पण वजनावर विकायची वस्तू नाही ती.

सध्या आमच्या गॅरेजात एक फार्गोच उभा आहे. 1952 चा, अर्ध्या टनाचा. क्रायस्लर कंपनी कॅनडात डॉजचेच ट्रक फार्गो नावानं विकायची, 1972 पर्यंत. आपल्याकडं वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं त्याच क्रायस्लरशी करार करून मुंबईत कुर्ल्याला डॉज-फार्गो बांधले. आजोबांचा त्यातलाच. आपल्या गाडीचा चेसिस मोठा, कापसाच्या गाठी ओढायचा; पण त्या काळी कॅबचा साचा लहान ट्रकापासून मोठ्यापर्यंत एकच असायचा. धाकट्यानं पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. तोच दरवाजा, तीच छपराची गोलाई.

फरक आहे तो पत्र्यात. इथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, आणि ते ट्रकच्या ट्रक. ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचं गाव आहे, तिथली मिठाची खाण सरोवराच्या तळाखाली गेलीय. जमिनीखालची जगातली सगळ्यात मोठी मिठाची खाण तीच. ते मीठ चाकाबरोबर उडतं, ओलं होऊन पत्र्याच्या घड्यांत बसतं आणि आतून खातं. आमच्या फार्गोच्या कॅबचा खालचा वीतभर भाग गेलेला होता. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, मागचे दोन्ही खालचे कोपरे. वरून रंग चकचकीत, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार. कुणीतरी मागं बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकलेलं होतं. आपण सगळे टँकरच्या रांगेत हंडे धरून वाढलो, पाऊस नाही म्हणून कायम रडलो. पण त्याच कोरड्या हवेनं आजोबांचा पत्रा राखलाय.

आता काम कसं करतात ते ऐका, तुम्हाला आवडेल. शेवरलेट नाहीतर फोर्ड असेल तर कोपऱ्याचे तयार तुकडे दुकानात मिळतात. फार्गोचं फारसं काही मिळत नाही, म्हणजे हातानंच घडवायचं. आधी कापायला हात लावायचा नाही. दारं बिजागरीवर तशीच ठेवायची आणि कॅबच्या आतून चौकोनी पाइपाचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करायचे. नाहीतर खालची पट्टी कापली की कॅब बसकते आणि दार पुन्हा जन्मात नीट लागत नाही. मग पुठ्ठ्याचं माप, त्यावरून 18 गेजचा पत्रा. सरळ घडी तुम्ही ट्रॉलीला मारता तशीच. वळणावरची घडी मात्र अवघड. तिथं कडेचा पत्रा कुठं आखडावा लागतो, कुठं ताणावा लागतो. त्यासाठी इथं एक हाताचं यंत्र आहे, दोन जबडे पत्रा पकडून आत ओढतात, जबडे बदलले की बाहेर ढकलतात. तुम्ही हेच काम लाकडी ओंडक्यात खळगा करून हातोडीनं करता, हे मी इथं सांगितलं तर आमचा म्हातारा मालक म्हणाला, माझा बापही असंच करायचा.

जोडताना पत्र्यावर पत्रा चढवायचा नाही, कडेला कड भिडवायची. चढवला की मधल्या फटीत ओल बसते आणि पुन्हा तेच. आर्गन वेल्डिंगनं एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा पुन्हा मधे. सलग ओढत नेलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो आणि मग तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टपटप वाजत बसतो. वेल्ड गार होताना आखडतं, म्हणून मागं डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरून त्याच्यावर हलके ठोके देत ते परत ताणायचं. इथं एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगतो. मालकाच्या मते ह्या कामाला गॅस वेल्डिंगच सगळ्यात चांगलं, कारण त्याचा जोड मऊ राहतो, हातोडी मानतो. सीओटू वेल्डिंगचा जोड कडक, घासूनच काढावा लागतो. तुम्ही गॅसची नळकांडी अजून ठेवलीत म्हणून धाकटा हसतो ना, त्याला हे वाचून दाखवा.

हे सगळं झाल्यावर लांबी. ती लागतेच, पण पातळ. वरून काळी भुकटी फिरवायची आणि लांब ठोकळ्याला पेपर लावून घासायचं. काळं जिथं राहिलं तिथं खड्डा, जिथं लगेच गेलं तिथं उंचवटा. दाराखालच्या पट्टीसारख्या बंद, पोकळ भागांच्या आत शेवटी मेण फवारतात.

गिऱ्हाइकाच्या हौशी मात्र मला सगळ्याच पटत नाहीत. पुढं डिस्क ब्रेक हवेत, ते ठीक, जीव वाचतो. पण हौद्याला ओकच्या फळ्या, मधे स्टीलच्या पट्ट्या, आणि त्यावर असं काही पॉलिश की एक पोतं टाकायची कुणाची हिंमत होणार नाही. वर स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, बटण दाबलं की ट्रक जमिनीला टेकतो. अंबड रोडला आणून बटण दाबा म्हणावं!

तर काका, आता तुमच्याकडचं काम. आधी बाभूळ बुडातून काढा, पण कुऱ्हाड पत्र्याला लागू देऊ नका. समोरच्या काचेखालच्या खोबणीतला पालापाचोळा आणि उंदरांची घरटी काढा, आणि दाराच्या तळाची बारीक भोकं तारेनं मोकळी करा, ती पाणी निथळायला दिलेली असतात. पायाखालची चटई उचला. मग छोट्या हातोडीनं खालून वर वाजवत या. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत बोलतो, बद्द आवाज आला तिथं खडूनं खूण. मागच्या मडगार्डाच्या आत माती साचते, तिथं जास्त बघा. वरून ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. साध्या पत्र्याचं छप्पर पुरे, त्याचे पैसे मी पाठवतो. आणि भंगारवाला "नुसतं इंजिन तरी द्या" म्हणेल, तेही नको. कागदपत्रं आजीच्या लोखंडी पेटीत असावीत, काकूला विचारा.

आणखी एक, हे खरं तर माझ्या गरजेचं आहे. इथल्या कॅबचे दोन्ही मागचे कोपरे गेलेत, त्यामुळे खालची गोलाई नेमकी किती हे आम्हाला अंदाजानं काढावं लागायलंय. आपल्या ट्रकाचा एक जरी कोपरा शाबूत निघाला तर त्यावर खाकी कागद दाबून बसवा आणि पेन्सिलीनं घडीची रेघ, कडा, नटबोल्टाची भोकं सगळं उतरवून घ्या. दाराच्या खालच्या कडेचंही घ्या. कागदावर वर-खाली, डावं-उजवं लिहा आणि एका कडेला स्टीलची पट्टी ठेवून इंचाच्या खुणा करा. फोटोवर भागणार नाही, त्यात माप फिरतं, कागदच पाठवा. घडी घालू नका, पाइपाच्या तुकड्यात गुंडाळी करून कुरिअर करा. मालक त्याचे पैसे द्यायला तयार आहे, आणि तुम्ही ते घ्या, उगाच नको म्हणू नका.

काकूला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमचा पुतण्या