चेहरे ब्लर करणार होते ना, साहेब?

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस स.न.वि.वि.

मी ऐरोलीला राहते. धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात आहे, स्वतःहून गेलाय. गेल्या आठवड्यात तिथे एक पुढारी 'भेट' द्यायला आले, मागे चॅनेलवाले. चेहरे ब्लर करू म्हणाले होते. रात्री टीव्हीवर भाऊ सरळ ओळखू येत होता, खाली लाल पट्टी 'नवी मुंबईचे नशेडी', भुताच्या सिनेमातलं म्युझिक आणि मधेमधे सिरिंज, पांढरी पावडर. अहो तो गांजा ओढायचा! सिरिंज त्याने टायफॉइड झाला तेव्हा बघितली असेल तेवढीच.

आता क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर फिरतेय, आई भाजीलासुद्धा खाली उतरत नाही, माझं लग्न ठरत आलेलं तर तिकडून फोन, पत्रिका जुळत नाही (दिवाळीत २९ गुण जुळत होते बरं का). भाऊ म्हणतो, ताई, केंद्रात आलो नसतो तर कुणाला कळलंपण नसतं. काय सांगू त्याला?

तुमचे नशामुक्त भारतचे बोर्ड आहेतच, १४४४६ ला फोन करा म्हणून. कोण करेल आता? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ बघा, उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायचा नाही, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्यात आजारातच धरलेत. कायदा पहिल्यांदा मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. झालाय का कधी कुणाला?

शाहरुखच्या मुलाचं, आर्यन खानचं ड्रग्ज प्रकरण आठवतंय ना? २०२१ च्या ऑक्टोबरात महिनाभर दुसरी बातमीच नव्हती, मे २०२२ मध्ये त्याला पकडणाऱ्या एनसीबीनेच पुरावा नाही म्हणून आरोपपत्रातून वगळला, ते किती वेळ दाखवलं? त्याच्या बापाकडे वकिलांची फौज तरी होती, आमच्याकडे पप्पांचं पेन्शन.

आणि दारू? एम्सचा २०१९ चा सर्वे म्हणतो पिणारे १६ कोटी, गांजा-भांगवाले तीनेक कोटी. पण दारूवर ब्रेकिंग न्यूज कशी होणार, ब्रेकमध्ये त्याच ब्रँडचा सोडा विकायचा असतो, आणि सरकारची तिजोरी कशावर चालते ते मी सांगायला नको.

ती क्लिप उतरवायला लावा आणि केंद्रांमध्ये कॅमेरे बंद करा, लेखी. उत्तर मेलवरच पाठवा, तुमच्या खात्याचं पाकीट घरी आलं तर ग्रुपवर त्याचीपण बातमी होईल.

एक बहीण, ऐरोली